उकाडा, पाऊस आणि एकटा माणूस: हलका निवारा कोणता घ्यावा? (कोकण किनारा, ऑक्टोबर)

लंबूटांग (धागाकर्ता)

राम राम मंडळी. दसऱ्यानंतर आठवडाभर सुट्टी टाकली आहे. बागमांडल्याहून फेरीबोटीने वेश्वीला उतरायचं आणि तिथून किनाऱ्याकिनाऱ्याने एकट्याने चालत सुटायचं. वेळास, केळशी, आंजर्ले, हर्णै, मुरूड, लाडघर, कोळथरे, दाभोळ, मग पुन्हा फेरीबोटीने धोपावे आणि शेवटी गुहागर. दिवसाची चिंता नाही, गावं लागतात, खायला मिळतं. घोडं अडलंय ते रात्रीपाशी.

माझ्याकडे दोघांचा डोम टेन्ट आहे, वजन २.६ किलो. ऑनलाइन घेतला होता, वर मोठ्या अक्षरांत ‘वॉटरप्रूफ’ लिहिलेलं. गेल्या जूनच्या पहिल्या आठवड्यात एका किनाऱ्यावर त्यात एक रात्र काढली. दीडच्या सुमारास पाऊस आला म्हणून चेन लावून घेतली. पंधरा मिनिटांत आत इडलीपात्र. चेन उघडली तर पाऊस आत, लावली तर मी उकडतोय. पहाटे छतावरून थेंब टपकायला लागले आणि चादर पिळून काढायची वेळ आली. तेव्हापासून त्या टेन्टवरचा विश्वास उडालाय.

आता माझी मोजमापं: उंची १८५ सेंमी. बजेट दहा हजार, फार तर बारा. निवाऱ्याचं सगळं मिळून वजन दीड किलोच्या आत हवं. बरोबर एक ट्रेकिंग पोल असतो. डास मला शोधत येतात आणि सापाची भीती वाटते, लपवत नाही. टार्प (नुसतं छपरासारखं ताणायचं कापड), हॅमॉक (झाडांना बांधायची झोळी), एकपदरी टेन्ट, दुपदरी टेन्ट असं सगळं वाचून डोक्याचा भुगा झालाय. जाणकारांनी प्रकाश टाकावा.

मधली_सुट्टी

एवढ्या पैशात सात रात्री घरगुती मुक्काम, उकडीचे मोदक आणि डोक्यावर पंखा. माझा सल्ला संपला.

घाटवाटकरी

मोदकांचा मुद्दा बिनतोड आहे, पण धागाकर्त्याने ते विचारलेलं नाही.

लंबूटांग, आधी एक गैरसमज काढून टाक. तुझा टेन्ट बहुतेक गळला नाही. टपकलं ते तुझंच पाणी. किनाऱ्यावर रात्री हवा २६ अंश आणि आर्द्रता ९० टक्के धर. अशा हवेचा दवबिंदू साधारण २४ अंशांवर असतो, म्हणजे कापड नुसतं दोन अंशांनी गार झालं तरी पाणी धरायला लागतं. त्यात तू चेन लावून आत घाम गाळतोयस, श्वास सोडतोयस, वरून पाऊस कापड गार करतोय. दुसरं काय होणार? पावसाचा मोठा थेंब बाहेरून आपटला की आतल्या बाजूचं हे पाणी तुषारासारखं अंगावर उडतं आणि माणूस म्हणतो टेन्ट झिरपला.

म्हणून ‘किती हजार मिलिमीटरचं वॉटरप्रूफ’ (कापड किती उंच पाण्याचा दाब सोसतं) या आकड्यामागे फार धावू नकोस. छताला दीड-दोन हजार पुरतात. जमिनीच्या कापडाला जास्त हवेत, कारण गुडघ्याचा आणि कोपराचा दाब तिथे पडतो. आपल्या हवेत खरा प्रश्न वारा आत खेळतो की नाही हा आहे. थंड देशातल्या लोकांनी लिहिलेली परीक्षणं इथे निम्मी फसतात, कारण त्यांना ऊब धरून ठेवायची असते आणि आपल्याला ती हाकलायची असते. ‘श्वास घेणारं कापड’ या जाहिरातीलाही भुलू नकोस. बाहेरची हवाच बाष्पाने भरलेली असेल तर आतलं बाष्प कापडातून जाईल कुठे?

मी तुझ्या जागी असतो तर मोठं छप्पर आणि खाली नुसती जाळी घेतली असती. म्हणजे टार्प आणि त्याखाली तळ असलेली मच्छरदाणी. पण आधी सांग, झोपणार कुठे? पुळणीवर, बनात, की कुणाच्या अंगणात?

कोयरी

मी हॅमॉकवाली, त्यामुळे पक्षपात गृहीत धरा. 🙂

उकाड्यात हॅमॉकसारखं सुख नाही हो. पाठीखालूनसुद्धा वारा जातो. टेन्टमध्ये मॅटला चिकटलेली पाठ ज्याने अनुभवली आहे त्याला वेगळं सांगायला नको. जमीन ओली, तिरकी, खेकड्यांच्या बिळांनी भरलेली असली तरी फरक पडत नाही. त्या किनाऱ्यावर सुरूची बनं आहेत, झाडांची ददात नाही.

तुमच्या उंचीला ११ फुटी हॅमॉक घ्या, त्याहून आखूड नको. केळ्यासारखं वाकून झोपायचं नसतं, मधल्या रेषेला तिरकं झोपायचं, मग पाठ जवळजवळ सपाट होते. पट्टे जमिनीशी साधारण तीस अंशांत यावेत. पट्टे रुंद हवेत, निदान इंचभर. नुसती दोरी बांधलीत तर झाडाची साल कापली जाते.

माझं वजन: जाळीसकट हॅमॉक ६२० ग्रॅम, पट्टे १८०, वरचा टार्प ५०० च्या आसपास.

आता खोड सांगते, कारण कुणी सांगत नाही. पातळ हॅमॉकच्या कापडातून डास खालून चावतात. वर जाळी लावून ऐटीत झोपायचं आणि सकाळी पाठ गांधीलमाश्यांनी फोडल्यासारखी! दुहेरी कापडाचा घ्या, किंवा आत पातळ फोमचा तुकडा घाला.

खाडीपलीकडे

मी या पट्ट्यातलाच आहे, वय एकाहत्तर. ट्रेकिंगचं सामान मला कळत नाही, पण रात्र कळते. चार गोष्टी सांगतो, मग तुमचं चालू द्या.

दसऱ्यानंतरचा आठवडा म्हणजे मध्येच कोजागिरी. म्हणजे उधाण. आमच्याकडे भरतीचा हिशोब तिथीच्या पाऊणपटीने करतात. दशमीला दहाची पाऊणपट साडेसात, तेव्हा साडेसातच्या सुमारास पूर्ण भरती. पौर्णिमेला पंधराची पाऊणपट सव्वाअकरा, म्हणजे सव्वाअकरा ते बारा, ऐन झोपेत. अर्धा-पाऊण तास इकडेतिकडे होतो, पण हिशोब चुकत नाही. पुळणीवर वाळलेल्या शेवाळाची आणि काटक्यांची जी वरची ओळ दिसते तिच्याही वर, चांगला उंचवटा बघून अंथरूण टाक. खाडीच्या तोंडाशी तर मुळीच नको.

दुसरं, नारळाखाली झोपायचं नाही. झाप पडला तरी माणूस जायबंदी होतो, नारळाची गोष्ट सोडा.

तिसरं, सुरूची झाडं. ३ जून २०२० च्या निसर्ग वादळात आमच्याकडची बनंच्या बनं आडवी झाली. जी उभी राहिली त्यांतली काही वरून मोडलेली, काही मुळापासून हललेली आहेत. मुलीने झोळी बांधायला सांगितली आहे ते ठीक, पण बांधण्याआधी झाडाला खांदा लावून हलवून बघ आणि मान वर करून सुकलेली फांदी लटकत नाही ना ते पाहा.

चौथं, परतीचा पाऊस गडगडाटी असतो. दुपारभर उकाडा, संध्याकाळी पूर्वेकडून, घाटावरून काळं येतं. वीज कडाडायला लागली की झोळी नाही, काठीचा तंबू नाही आणि मोकळी पुळणही नाही. सरळ जवळच्या घरात जायचं. कोकणात पडवी नाकारत नाहीत. आल्याआल्या उजेडातच एखाद्या घरी विचारून ठेव, ‘इथे बनात झोपतोय’ म्हणून. नाहीतर रात्री बॅटरी दिसली की गावातले लोक आणि सागरी पोलीस दोघंही येतात, आणि ते बरोबरच आहे.

कोयरी

काका, खांदा लावून बघण्याचं मी आजवर नुसतं डोळ्यांनीच करत आले. यापुढे लावेन. आणि विजेचा मुद्दा मान्य, तिथे हॅमॉकवाल्यांकडे उत्तर नाही.

शून्यगाठ

सगळे टार्प टार्प करताहेत म्हणून विरोधी पक्षात बसतो. एकट्याने, अंधारात, वाऱ्यात, पहिल्यांदाच टार्प लावायचा म्हणजे खायचं काम नाही. मी लावला होता एकदा ढाक बहिरीच्या पायथ्याला. रात्री वारा फिरला आणि उघडी बाजू नेमकी पावसाकडे. उरलेली रात्र टार्प पांघरून बसलो.

दुपदरी हलका टेन्ट घ्या. आतला भाग पूर्ण जाळीचा, बाहेरचं छत जमिनीपासून थोडं वर उचललेलं आणि दोन्ही अंगांना दारं असलेला. घेताना एकच गोष्ट बघा: बाहेरचं छत आधी उभं राहतं की आतली जाळी? बरेच घुमटाकार टेन्ट आतली जाळी आधी लावतात, म्हणजे पावसात लावताना खोली भिजते आणि मग तिच्यावर छत चढतं. काय उपयोग? छत आधी उभं राहणारे असतील तर खाली कोरड्यात जाळी टांगता येते. डर्स्टनचा एक्स-मिड त्या पद्धतीचा आहे, ट्रेकिंग पोलवर उभा राहतो, वजन किलोच्या आत. पण बाहेरून मागवावा लागतो, तुमच्या बजेटात बसणार नाही, आणि त्याला दोन पोल लागतात. नेचरहाइकचा एकट्याचा क्लाउड अप इथे मिळतो, पण तो आतली जाळी आधी लावणाऱ्यांतला आहे, आणि १८५ सेंमीचा माणूस आत झोपला की डोकं एकीकडे आणि पाय दुसरीकडे टेकतात.

घाटवाटकरी

शून्यगाठ, नाव सार्थ केलंत. 😄

पण मुद्दा खरा आहे. टार्प म्हणजे अर्धं सामान आणि अर्धा सराव. सराव न करता जायचं असेल तर टेन्टच बरा. लंबूटांगकडे मात्र अजून तीन आठवडे आहेत.

उंच माणसासाठी टार्पचा एक फायदा कुणी बोललं नाही. एकट्याच्या हलक्या टेन्टमध्ये पायाकडची भिंत उतरती असते. तिथे पायांचा तळवा ओल्या कापडाला घासत राहतो आणि चादर भिजते. तीन बाय तीन मीटरच्या टार्पखाली हा प्रश्नच नाही.

नऊ चौरस मीटर सिलनायलॉन (सिलिकॉनचा लेप दिलेलं नायलॉन), दोऱ्यांसकट साधारण ५५० ग्रॅम. खाली जाळी आणि पाण्याच्या टबासारखा कडा उचललेला तळ, ४५० ते ५०० ग्रॅम. आठ खुंट्या शंभरेक ग्रॅम. म्हणजे सव्वा किलोच्या आत काम झालं.

आकार इतका मोठा का, तर पाऊस फक्त वरून येत नाही. जमिनीवर आपटून उडतो. अंथरुणाच्या सर्व बाजूंनी निदान अर्धा मीटर छप्पर पुढे हवं. कोरड्या उकाड्यात मधली दोरी छातीइतकी उंच ठेव आणि दोन्ही पंख रुंद ताण, आडवा वारा मिळतो. पाऊस आला की वाऱ्याकडची कड जमिनीला टेकव, मधली दोरी कमरेखाली आण. हे झोपल्या जागेवरून हात लांबवून करता आलं पाहिजे, त्यासाठी तणाव्याला सरकगाठ हवी. तीन गाठी पक्क्या कर, चौथीची गरज नाही.

सिलनायलॉन भिजलं की सैल पडतं, कारण नायलॉन पाणी पितं. झोपण्याआधी एकदा आणि पाऊस सुरू झाल्यावर अर्ध्या तासाने एकदा तणावे ओढायचे. पॉलिएस्टर एवढं सैल पडत नाही. मिळालं तर ते घे.

लंबूटांग (धागाकर्ता)

एवढं सविस्तर कुणी सांगेल असं वाटलं नव्हतं. खाडीपलीकडे काका, पाऊणपटीचा हिशोब वहीत उतरवून घेतला.

घाटवाटकरी दादा, झोपायचं मुख्यतः बनात, विचारून. आता भाबडे प्रश्न. वाळूत खुंटी धरेल का? एकपदरी टेन्ट अगदीच बाद का, ते सगळ्यांत हलके दिसतात. आणि माझा जुना टेन्ट कपाटातून काढला तर आतून चिकट लागतोय, वास येतोय. हे काय?

घाटवाटकरी

उलट्या क्रमाने.

चिकट लागतोय म्हणजे पीयूचा थर सडला. पॉलियुरेथेनचा लेप दमट गरम जागी बंद घडीत पडला की पाण्यानेच हळूहळू तुटतो, आधी वास, मग चिकटपणा, मग पापुद्रे. तो परत येत नाही. आपल्याकडे पावसाळ्यात कपाटात ठेवलेला टेन्ट वापरलेल्या टेन्टपेक्षा लवकर मरतो. सिलिकॉनच्या लेपाला हा रोग नाही, हे सिलनायलॉन घेण्याचं माझ्या मते सगळ्यांत मोठं कारण, वजन त्यानंतर. फक्त सिलिकॉनवर शिवणीची पट्टी चिकटत नाही, त्यामुळे शिवण आपणच बंद करायची. पारदर्शक सिलिकॉन सीलंट मिनरल टर्पेंटाइनमध्ये पातळ करून बारीक ब्रशने शिवणीवर फिरव, एक रात्र वाळू दे. हे पीयूच्या कापडावर चालत नाही, त्याचं वेगळं मिळतं.

एकपदरी टेन्ट बाद नाही, पण त्यात भिंतीचं पाणी आणि तू यांच्यामध्ये काहीच नसतं. कोजागिरीची स्वच्छ चांदणी रात्र, मोकळी पुळण, कापड आकाशाकडे उष्णता सोडून हवेपेक्षाही गार होतं, सकाळी आतून निथळतं. पाऊस पडायचीही गरज नाही. तोच निवारा झाडांखाली लावलास तर दव निम्म्याहून कमी, कारण झाड मध्ये पांघरुणासारखं येतं.

वाळूत बारीक खुंटी धरत नाही. दोन दमदार ओढण्यांत सुटते. छोट्या कापडी पिशव्या ने, वाळू भर, तणावा बांध, हातभर खड्डा करून पुर आणि वर पाय देऊन दाब. उठताना पिशव्या रिकाम्या करून परत घ्यायच्या, पुरून सोडायच्या नाहीत.

कोयरी

आणि हॅमॉकचा टार्पसुद्धा तोच. म्हणजे लंबूटांग, टार्प आधी घ्या. खाली जाळी लावायची की झोळी, ते नंतर ठरवता येईल. मी तशीच सुरुवात केली होती, दोन वर्षं जमिनीवर झोपले.

अवांतर: जाळीवर पर्मेथ्रिन (डासांसाठीचं कीटकनाशक) मारणार असाल तर घरात मांजर आहे का बघा. ओलं असताना मांजरांना ते विषारी असतं. गॅलरीत दार लावून वाळवा.

शून्यगाठ

अंथरूण काय नेणार? मी त्या हवेत स्लीपिंग बॅग नेऊन मूर्ख ठरलो आहे. हवेच्या गादीवर उघडी पाठ चिकटते. पातळ फोमची मॅट, वर सुती पंचा, पांघरायला धोतराचं पान. झालं.

लंबूटांग (धागाकर्ता)

अपडेट. तीन बाय तीनचा सिलिकॉन-पॉलिएस्टर टार्प मिळाला, ५२० ग्रॅम. जाळी ओळखीच्या शिंपीकाकांकडून शिवून घेतली. त्यांनी आधी विचारलं, ‘बाळासाठी का?’ माझी उंची मोजायला लागल्यावर गप्प झाले. लांबी २२५ सेंमी, तळासह ४८० ग्रॅम. दोन्ही मिळून साडेसात हजारांत बसलं.

काल सोसायटीच्या गच्चीत रात्र काढली. खुंट्या ठोकता येत नाहीत म्हणून पाच लिटरचे पाण्याचे कॅन आणि विटा. पोल एका बाजूला, दुसरी बाजू टाकीच्या पाइपला. साडेअकराला पडलो. उकडत होतं, पण आडवा वारा होता, पंच्यावर पाठ कोरडी. सव्वादोनला सर आली. पहिली पाच मिनिटं नुसता बघत राहिलो, मग आठवलं की वाऱ्याकडची कड खाली घ्यायची आहे. दोरी अंधारात सापडेना. सापडली तेव्हा सरकगाठ उलटी बांधलेली, सरकेना. तोवर पायाकडून तुषार आत आले, मॅटचा वीतभर भाग ओला. कड टेकवल्यावर मात्र एक थेंबही नाही. आणि मुख्य म्हणजे उकडलं नाही! बाहेर धो धो पाऊस आणि आत वारा, हे मी पहिल्यांदा अनुभवलं. सकाळी टार्पला आतून हात लावला तर ओला होता, पण तो माझ्या तोंडापासून तीन फुटांवर होता.

पाऊस सुरू असतानाच वॉचमन वर आला. बॅटरी तोंडावर मारून म्हणाला, ‘साहेब, घरात काही झालं का?’

दोन शंका उरल्या. तुषार थांबवायला पायाकडे काय करू? आणि दोऱ्या अंधारात दिसत नाहीत.

घाटवाटकरी

पहिल्याच रात्री वीतभर ओलं म्हणजे पास.

पायाकडे टार्पचं टोक मध्यावर पकडून जमिनीकडे ओढ आणि खुंटीला बांध, चोचीसारखं होतं. तेवढ्याने वाऱ्याबरोबर येणारे तुषार अडतात. नाहीतर तुझी सॅक रिकामी करून तिथे उभी कर, मी तेच करतो. दोऱ्यांसाठी चमकणारी दोरी मिळते, नाहीतर सायकलच्या दुकानातली रिफ्लेक्टरची टेप प्रत्येक दोरीवर बोटभर चिकटव. आणि ती सरकगाठ डोळे मिटून दहा वेळा बांध. टीव्ही बघताना खुर्चीच्या पायाला बांधत बस, घरचे ओरडले तरी चालेल.

खाडीपलीकडे

आंजर्ल्याला पोचलास की कड्यावरच्या गणपतीला जाऊन ये, वरून सगळा किनारा दिसतो. पुढच्या मुक्कामाचं बन तिथूनच हेरून ठेव. आमचं गाव तुझ्या वाटेवर आहे, निरोप धाड. बनात झोपायचं असेल तर झोप, पण आंघोळीला विहिरीवर ये.

मधली_सुट्टी

आणि मोदक?

खाडीपलीकडे

कोजागिरीला आमच्याकडे मसाला दूध असतं. मोदक हवेत तर संकष्टीपर्यंत थांबावं लागेल.

लंबूटांग (धागाकर्ता)

काका, निरोप धाडला आहे. टेप आणली, गाठ खुर्चीच्या पायाला बांधून झाली, आज सातव्यांदा सुलटी आली.

कुणाला चिकट झालेल्या डोम टेन्टच्या दांड्या हव्या असतील तर कळवा, फुकट आहेत. कापड मी वाळवणावर झाकायला आईला दिलं होतं. तिने वास घेतला आणि परत केलं.